वॉरन निस्कालाचं सरळ करणारं बटण

आमच्या ऑफिसातली कॉफी मी करते. फोन मी घेते, बिलं मी पाठवते, केंटच्या बायकोला केंट कुठे आहे तेही मीच सांगते. त्यामुळे कोणाच्या कपात किती कॉफी असते हे मला न बघता ठाऊक असतं. वॉरन निस्काला अर्धाच कप घ्यायला लागला तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, पोट बिघडलं असेल. मग बघते तर काय, हा माणूस अर्धा कप घेऊन जायचा, पिऊन परत यायचा आणि पुन्हा अर्धाच भरायचा. दिवसातून आठ फेऱ्या. पोट बिघडलेला माणूस असं करत नाही.

मी त्याला कॉफीच्या मशीनपाशी गाठलं.

"हात दाखव," मी म्हटलं.

"कशाला? भविष्य सांगतेस?"

"वॉरन, मी तीन भावांच्या घरात वाढलेली बाई आहे. दाखव म्हटलं की दाखवायचा."

त्याने उजवा हात पुढे केला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होते, चिमटीतलं मीठ भाजीत सोडावं तसे, थांबतच नव्हते. त्याने दुसऱ्या हाताने तो हात धरला आणि खिशात घातला.

"डॉक्टर काय म्हणतो?"

"म्हणतो, ही थरथर हळूहळू वाढत जाणार."

"केंटला सांग."

"सांगितलं की केंट गोड हसेल. खांद्यावर हात ठेवेल. आणि हिवाळा आला की म्हणेल, वॉरन, सध्या काम जरा कमीच आहे."

खोटं नव्हतं ते. केंट ब्रँडवोल्डला मी वॉरनपेक्षा जास्त ओळखते. आमचा मालक. तोंडात साखर, आणि खिशात हात घालायची वेळ आली की माणूस गायब.

"आणि आर्लिसला?"

"तिला थोडं माहीत आहे."

"थोडं म्हणजे किती?"

"थोडं म्हणजे थोडं," तो म्हणाला. मग म्हणाला, "ती पासष्टची होईपर्यंत मला या खुर्चीत बसायचंय, बर्नी. तेवढंच. मग सरकारचा विमा तिला घेईल. त्यानंतर हा हात गळून पडला तरी माझी तक्रार नाही."

आर्लिस त्याची बायको. तिला रक्ताचा आजार होता, बरा न होणारा पण गोळ्यांनी ताब्यात राहणारा. त्या गोळ्या दर महिन्याला थंड डब्यातून घरी यायच्या, आणि त्या यायच्या वॉरनच्या नोकरीच्या विम्यावर. नोकरी गेली की विमा गेला, विमा गेला की डबा बंद. इथे डुलुथमध्ये, समुद्राएवढ्या तळ्याच्या काठी, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. निम्मं गाव याच कारणासाठी आपापल्या साहेबाला गुड मॉर्निंग म्हणतं.

वॉरन कसा होता ते सांगते. उंच, वाकलेला, आणि बोलायचा असा की शब्द शेजाऱ्याकडून उसने आणलेत. फिनिश माणसं आमच्याकडे असतातच तशी. शुक्रवारी वर्तमानपत्रात गुंडाळून धुरावलेला मासा आणायचा, माझ्या टेबलावर ठेवायचा आणि काही न बोलता निघून जायचा. शनिवारी घरामागच्या सौनात, वाफेच्या खोलीत, बसायचा. चर्चला जायचा तो फक्त अंत्यसंस्काराला. ऑफिसात आला तेव्हा कागद होते, पेन्सिली होत्या, आणि त्याची रेघ अशी होती की केंटच्या वडिलांनी त्याचे दोन नकाशे चौकटीत घालून बैठकीच्या खोलीत टांगले. ते अजून तिथेच आहेत. मग संगणक आले, तेव्हा बाकीच्या म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, वॉरनने नाही केली. गपचूप शिकला.

आता आमचं काम कसं चालतं ते थोडं सांगावंच लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. घर बांधायच्या आधी ते सगळं संगणकात उभं करायचं, भिंती, छप्पर, जिने, खिडक्या. पडद्यावर माउसने रेघा ओढायच्या. चार रेघांची टोकं नेमकी जुळली की मधली जागा आपोआप भरते आणि भिंत तयार होते. केसभर चुकलं की भरत नाही, नुसता सांगाडा राहतो. डोळ्यांना चौकोन दिसतो, पण संगणक म्हणतो चौकोन नाही. मग शोधत बसा कुठलं टोक हुकलंय ते. धडधाकट हाताच्या माणसालाही याने रडू येतं. वॉरनचा तर हात चिमटीतलं मीठ सोडत होता.

तर हा गडी प्लगइनच्या मागे लागला. प्लगइन म्हणजे मूळ प्रोग्रामला वरून जोडायची छोटी पुरवणी. जगात कुठे कुठे कोणी कोणी आपल्या गरजेपुरती ती लिहितं आणि बाकीच्यांना फुकट देऊन टाकतं. एक प्लगइन छप्पर चढवायचं, एक जिना. मजल्याची उंची सांगा, जिना उभा. भिंतीवर बोट ठेवा, खिडकी तयार, चौकटीसकट. वॉरनने अशी शोधून शोधून गोळा केली. जिथे वीस वेळा माउस फिरवावा लागायचा तिथे आता एकदा दाबलं की भागायचं. हात जितका कमी चालवावा लागेल तितकं त्याला हवं होतं. पण लोकांना काय दिसलं? लोकांना दिसलं की निस्कालाचा वेग वाढला.

"काय रे वॉरन, म्हातारपणी पंख फुटले की काय?" केंट म्हणायचा.

"आजोबा, जरा हळू. आमच्या पोटावर पाय येतोय," मॅलरी म्हणायची. मॅलरी आमच्याकडची दुसरी मॉडेल करणारी. पस्तिशीची, जिभेची तिखट, मनाने वाईट नाही.

वॉरन हसायचा. माउसवरचा हात मांडीवर घ्यायचा, आणि मांडी टेबलाखाली.

पण सगळं काही प्लगइनने होत नाही. जुन्या इमारतीचं काम असलं की थोडं हाताने ओढावंच लागतं, आणि तिथे वॉरनच्या रेघा हुकायच्या. मग त्याने ठरवलं की हुकलेल्या रेघा सरळ करणारं प्लगइन आपणच लिहायचं. आता मजा बघा. लिहायचं म्हणजे टाइप करायचं, आणि वॉरनचं बोट एक अक्षर दाबायला जायचं ते तीन वेळा दाबायचं. टाइप कोण करणार? आर्लिस. ती कोर्टात होती, माणसं बोलतील तसं जागच्या जागी टाइप करायची नोकरी. आजारामुळे सोडावी लागली, पण बोटं तशीच.

एका रविवारी मी टेटर टॉट हॉटडिश, म्हणजे बटाट्याच्या गोळ्या घालून ओव्हनमध्ये भाजलेला आमच्याकडचा पदार्थ, घेऊन त्यांच्याकडे गेले, तर दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. आर्लिस डोक्याला रुमाल बांधून लॅपटॉपसमोर, आणि वॉरन तिच्या मागे उभा राहून सांगतोय.

"कंस."

"उघडा का बंद?"

"उघडा."

"मग तसं बोल ना. इतकी वर्षं माझ्याशी संसार केलास, कंस नीट सांगायला शिकला नाहीस."

"अल्पविराम."

"घातला कधीच. पुढचं बोल. बर्नी, बस गं. हा माणूस लग्नात जेवढं बोलला नाही तेवढं या यंत्रासाठी बोलतोय."

वॉरनचे कान लाल झाले. मी हॉटडिश ओव्हनमध्ये ठेवली आणि बसले. खरं सांगते, त्या दोघांना इतकं खुशीत मी आधी पाहिलं नव्हतं.

त्या प्लगइनला त्यांनी नाव दिलं सुओरा. फिनिशमध्ये सुओरा म्हणजे सरळ. एक बटण दाबलं की मॉडेलमधल्या सगळ्या किंचित वाकड्या रेघा सरळ व्हायच्या, सुटलेली टोकं जुळायची, भिंती फटाफट भरायच्या. किती वाकडं म्हणजे चूक धरायची हा आकडा मात्र आधी द्यावा लागायचा. त्यांनी दिला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. सूतभर चुकलेली रेघ सरळ करायची, त्याहून जास्त वाकडी असेल तर ती मुद्दाम वाकडी काढली असं समजून सोडून द्यायची. शहाणपणाचा आकडा होता.

केंटला सुओरा दिसली आणि तो हरखून गेला. ताबडतोब सगळ्यांच्या संगणकात चढवायला लावली. त्या वर्षी आम्ही दुप्पट कामं घेतली. केंटने नवीन बोट घेतली, तिला तळ्यात उतरवताना आम्हा सगळ्यांना बोलावलं, आणि वॉरनच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हा माझा हुकमी माणूस." वॉरनच्या हातातला बिअरचा कॅन तेव्हा हिंदकळला. केंट म्हणाला, "हवा सुटलीय." मी म्हटलं, "हो, हवा सुटलीय." तळं त्या दिवशी आरशासारखं पडलं होतं.

आणि हात वाढतच गेला. म्हणजे हाताचं दुखणं. सूतभर हुकणारी रेघ अर्धा इंच हुकायला लागली, मग इंचभर. सुओरा अर्धा इंच वाकडी रेघ सोडून द्यायची, कारण तिला सांगितलंच होतं तसं. मग वॉरनने काय केलं, आकडा वाढवला. स्वतःच्या संगणकातला तेवढा. अर्धा इंच केला. पुढच्या हिवाळ्यात एक इंच. मग अडीच. बाकी सगळ्यांकडे एक सूत, आणि त्याच्याकडे अडीच इंच. तो रोज घरी जायच्या आधी बटण दाबायचा, दिवसभराचं वाकडं एका झटक्यात सरळ व्हायचं, आणि मग तो कोट चढवायचा. दिवे मालवल्यासारखी सवयच होती ती.

त्यात ते गोदामाचं काम आलं. तळ्याच्या उतारावरचं जुनं विटांचं गोदाम, त्याचं वस्तीसाठी वाचनालय करायचं होतं. मोजमाप वॉरननेच घेतलं. ते त्याला जमायचं, कारण किरणाने मोजणारं यंत्र तिकाटण्यावर ठेवायचं असतं, हात लावावा लागत नाही. परत आला तो खूश होऊन.

"वरच्या मजल्यावर भिंत दोन इंच तळ्याकडे कललीय," मला म्हणाला. "शंभर वर्षं बोटी बघत उभी आहे बिचारी. मान वाकडी होणारच."

वॉरन एका दमात एवढं बोलला म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

त्याने भिंत जशी होती तशी मॉडेलमध्ये घातली. कललेली. माहीत होतं, मोजलेलं होतं, लिहिलेलं होतं. संध्याकाळी बटण दाबलं आणि घरी गेला. झालं. सुओराला काय ठाऊक, हे वाकडं हाताचं आहे का भिंतीचं? तिला आकडा अडीच दिलेला. दोन इंच म्हणजे चूक. तिने भिंत सरळ करून टाकली. दुसऱ्या दिवशी त्याने त्या सरळ भिंतीला टेकवून लोखंडी जिना बसवला, प्लगइनने, एका दाबात. इतक्या मोठ्या भिंतीत दोन इंच डोळ्यांना दिसत नाहीत. त्याला दिसले नाहीत, मॅलरीने तपासलं तिलाही नाहीत, केंटने सही केली त्याने तर बघितलंच नसेल.

जिना पुलापलीकडच्या कारखान्यात तयार झाला आणि जानेवारीत आला. त्या दिवशी बाहेर थुंकलं तर खाली पडेपर्यंत बर्फ होईल अशी थंडी. रस्ता बंद केलेला, क्रेन लावलेली. अकराच्या सुमाराला फोन वाजला. मीच उचलला.

"बाई," कारखान्याचा मुकादम होता, "तुमच्या साहेबाला विचारून सांगा. जिना कापू का भिंत कापू? दोन्ही एकमेकांत मावत नाहीयेत."

"किती कमी पडतंय?"

"वर दोन इंच. लोखंड क्रेनला लटकतंय आणि माझ्या माणसांच्या मिशा गोठल्यात. लवकर विचारा."

मी दोन इंच असं मोठ्याने म्हटलं, फोनवर हात ठेवला आणि वॉरनकडे बघितलं. त्याने दोन इंच एवढंच ऐकलं होतं. बास. त्याचा चेहरा असा झाला की तसा मला परत कोणाचाही बघायला लागू नये.

दुपारी बैठक. चौकटीतल्या त्या दोन नकाशांखाली केंट बसला, मॅलरी लॅपटॉप घेऊन, वॉरन, आणि मी, बोलणं लिहून घ्यायला. मॅलरीने मोजमाप काढलं. बरोबर. दोन इंच कल, स्वच्छ. मॉडेल काढलं. भिंत सरळसोट.

"कललेली घातली होती मी," वॉरन म्हणाला.

"मग सरळ कोणी केली? सुओरा दाबलीस का?" मॅलरीने विचारलं.

"रोज दाबतो."

"पण सुओरा सूतभरच सरळ करते," मॅलरी म्हणाली. "माझ्याकडे बघ. एक सूत. दोन इंचांना ती हातसुद्धा लावणार नाही. थांब, तुझी उघडते."

मला म्हणायचं होतं, नको उघडू. पण काय कारण सांगणार?

"अडीच इंच?" मॅलरी हसलीच. "आजोबा, अडीच इंच वाकडं काढतं तरी कोण? दारू पिऊन बसतोस का कामाला?"

तिने थट्टा केली होती. शप्पथ सांगते, थट्टाच. पण तिचं हसू तोंडातच राहिलं, कारण वॉरनचा उजवा हात टेबलावर होता. त्याने तो डाव्या हाताने दाबला. मग डावाही त्याच्याबरोबर हलायला लागला. टेबलावरचा माझा पेन घरंगळत गेला आणि खाली पडला. कोणी उचलला नाही.

"किती दिवसांपासून, वॉरन?" केंटने विचारलं. आवाज मऊ, लोण्यासारखा.

वॉरनने खाली वाकून माझा पेन शोधला आणि माझ्यासमोर ठेवला. त्यालाही वेळ लागला.

मॅलरी नंतर स्वच्छतागृहात रडत होती. मी तिला कागदी रुमाल दिला आणि म्हटलं, "तुझा काही दोष नाही गं." नव्हताच. पण तिने तेव्हापासून कोणाला आजोबा म्हटलं नाही.

केंटने वॉरनला कामावरून काढलं कसं ते ऐका. ओरडला नाही, दोष दिला नाही. असं कोणी करत नाही इकडे. केक मागवला. "तुझ्या तब्येतीची काळजी वाटते म्हणूनच," म्हणाला. "आता आर्लिसबरोबर वेळ घालव. मासे पकड. तू कमावलीयस ही विश्रांती." डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. असल्या गोडाला मुंग्यासुद्धा लागत नाहीत. मी त्याच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

"विमा तरी चालू ठेव त्याचा. कागदावर ठेव त्याला. घरी बसून प्लगइन सांभाळेल तो."

"बर्नी, माझे हात बांधलेले आहेत."

"तुझे तरी हलत नाहीत ना? मग वापर ते."

"वकील नाही म्हणतो."

"आणि सुओरा?"

"ती ऑफिसच्या कामासाठी केली, ऑफिसात वापरली. म्हणजे ती ऑफिसची," केंट म्हणाला. "हेही वकीलच म्हणतो."

मी त्याला जे बोलले ते इथे सांगत नाही. नोकरी सोडली नाही, कारण माझाही विमा तिथेच आहे. हे बोलताना मला लाज वाटत नाही, राग येतो.

पुढचे महिने मी जेवणाच्या सुट्टीत फोनवर काढले. फोन करणं हेच एक मला येतं. वॉरनला दुसरा विमा मिळाला, मिळाला नाही असं नाही, पण त्या विम्यात ती गोळी बसत नव्हती. अर्ज केला, नाही म्हणाले. पुन्हा केला, म्हणाले आधी स्वस्तातली दुसरी गोळी घेऊन बघा, तिने भागलं नाही तर विचार करू. एकेक पोरगी फोनवर इतकी गोड बोलायची की तिच्यावर चिडताही येईना. आर्लिसने ती दुसरी गोळी घेतली. भागलं नाही. विचार करू म्हणाले होते, ते विचार करत बसले.

मार्चमध्ये मी तिला भेटायला गेले. वॉरन बाहेर बर्फ काढत होता, फावडं दोन्ही हातांत घट्ट धरून. ती खिडकीशी पडलेली, पांढरीफटक, पण तोंड चालू.

"बघ कसा काढतोय," ती म्हणाली. "शेजाऱ्याच्याच दारात टाकतोय सगळा."

"आर्लिस, त्याचा हात एवढा बिघडलाय हे तुला कधी कळलं?"

"तो आकडा मीच टाइप करत होते ना." ती खिडकीतून नजर काढत नव्हती. "तो यायचा आणि म्हणायचा, आर्लिस, एक जुनं काम फार वाकडं आहे, जरा अर्धा कर. मी अर्धा करायची. मग एक. मग अडीच. उभं आयुष्य कोर्टात लोकांचं खोटं टाइप केलंय मी, बर्नी. खोटं मला कानाने कळतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तो माझ्या गोळ्यांसाठी लपवत होता. जगापुढे लपवून दमायचा आणि घरी यायचा. घरीही मी धरला असता तर बिचाऱ्याने जायचं कुठे?" मग ती डोळे मिटून म्हणाली, "अडीच टाइप केलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मग बाहेर येऊन विचारलं, पुढे काय, कंस का?"

मी तिचा हात धरून बसले. दुसरं काय करणार.

तळ्यावरचा बर्फ फुटला, पहिली मालवाहू बोट पुलाखालून भोंगा वाजवत आत आली, त्या आठवड्यात आर्लिस गेली. पासष्टावा वाढदिवस ऑगस्टमध्ये होता. अंत्यसंस्कारानंतर चर्चच्या तळघरात कॉफी आणि हॅमचे बन. वॉरनला कोणीतरी कप भरून दिला, काठोकाठ. मी तो त्याच्या हातातून घेतला, अर्धा स्वतः प्यायले आणि परत दिला. त्याने मान हलवली.

गोष्ट इथे संपली असती तरी पुरे होतं. पण उन्हाळ्यात त्या मूळ प्रोग्रामची नवी आवृत्ती आली आणि सुओरा बंद पडली. बटण दाबलं की नुसती लाल अक्षरं. ऑफिसात हाहाकार. हाताने एकेक टोक शोधायची सवय कोणाला राहिली होती? केंट माझ्या टेबलाशी आला.

"बर्नी, वॉरनला एक फोन कर ना. तुझं ऐकतो तो."

"तुझ्या वकिलाला सांग दुरुस्त करायला," मी म्हटलं.

मला वाटलं, मिटलं. पण त्याने स्वतःच फोन केला असणार, कारण शनिवारी सकाळी वॉरनचा मला फोन.

"बर्नी, तुला टाइप करता येतं ना?"

"कशाला?"

"सुओरा दुरुस्त करायचीय. मी हो म्हटलंय."

"वॉरन, तू वेडा आहेस का? त्या माणसाने तुला..."

"ती आर्लिसने लिहिलेली आहे," तो म्हणाला. "अशी बंद पडलेली कशी ठेवू?"

मी गेले. स्वयंपाकघरातलं टेबल, तोच लॅपटॉप. सिंकमध्ये एक बशी, एक कप. मी खुर्ची ओढली तसा तो म्हणाला, "ती नको, बर्नी. ती तिची." दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा ढीग होता. तो हलवायचं दोघांनाही सुचलं नाही. मी उभ्यानेच टाइप करायला लागले.

"कंस," तो म्हणाला.

मी थांबले. तो वाट बघत होता, कोणीतरी काहीतरी विचारील म्हणून. मला ते विचारवेना. मग तो स्वतःच हळूच म्हणाला, "उघडा."

मला दोन बोटांनीच येतं. आर्लिसने पाच मिनिटांत केलं असतं ते आम्हाला दुपारपर्यंत पुरलं. शेवटी तो आकडा आला. पडद्यावर अडीच होता. त्याच्या संगणकातलीच प्रत ती.

"इथे एक सूत कर," वॉरन म्हणाला.

मी केला. लाल अक्षरं गेली. प्लगइन चालू झालं.

"एकदा बघून घेतो चालतंय का," तो म्हणाला आणि माउस हातात घेतला. एक चौकोन काढायला लागला. साधा चौकोन. एकेक रेघ काढायला इतका वेळ लागला की मी ओट्याकडे तोंड करून ती बशी विसळायला घेतली. वळून बघितलं तेव्हा चार रेघा झाल्या होत्या, चारही चार दिशांना, एकाचंही टोक दुसऱ्याला लागलेलं नाही. त्याने सुओराचं बटण दाबलं. चौकोन होता तसाच राहिला. रेघ हलली नाही, मधली जागा भरली नाही.

"चालत नाहीये," मी म्हटलं.

"चालतंय," वॉरन म्हणाला. "ऑफिसातल्या सगळ्यांचे हात चांगले आहेत. त्यांना सूतभर पुष्कळ झालं."

त्याने ते केंटला पाठवून द्यायला सांगितलं. मी पाठवलं.